वखारीतले लाकूड आणि सव्वा रुपया

‘वखार’ हा शब्द अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवली येथील जुन्या रहिवाशांना समजावून सांगावा लागत नाही. एका बाजूला जळाऊ लाकडाच्या रचलेल्या ढलप्या, दुसऱ्या बाजूला कोळशाची पोती, मध्ये टांगलेला मोठा तराजू आणि गल्ल्यावर बसलेले शेठ, हे दृश्य उपनगरांत अनेक वर्षे रोजचे होते. सुरुवातीला रॉकेलचे स्टोव्ह आले, १९५०च्या दशकात बर्शेनचा गॅस आला आणि हळूहळू वखारी ओस पडल्या. आजच्या विद्यार्थ्याला शेगडी माहीत असली तर ती चित्रातली.

शाळेत आपण इंधनाचा धडा शिकवतो. ज्वलन म्हणजे काय, उष्मांक म्हणजे काय, धूर का होतो हे सांगतो. मात्र वखारीत लाकूड यायचे कोठून आणि ते तोडायचे कोण, हे प्रश्न विज्ञानाच्या तासाला येत नाहीत व इतिहासाच्या तासालाही येत नाहीत. मुंबईला लागणाऱ्या लाकडाचा, कोळशाचा आणि गवताचा मोठा वाटा तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातून येत असे. त्यात डहाणू, पालघर, उंबरगाव व जव्हारकडील डोंगर महत्त्वाचे होते. बोरिवलीहून गाडीत बसले तर दोनेक तासांत डहाणू येते. तेथील लाकूडतोड करणाऱ्या वारली मजुरांनी १९४५ आणि १९४६ या दोन वर्षांत जंगलाच्या सगळ्या व्यापाराला आव्हान दिले. राजकीय इतिहासात ही घटना ‘वारल्यांचा उठाव’ म्हणून नोंदलेली आहे. या लेखात आपण तिच्याकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. वनस्पतींच्या वाढीचे नियम आणि मोजमापाचे साधे गणित यांवाचून तो संप का झाला आणि का जिंकला गेला, हे नीट समजत नाही असे मला वाटते.

कूप म्हणजे काय?

मुंबई इलाख्यात वनखात्याची सुरुवात १८४७ साली झाली. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक. पुढे १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगले ठरवण्यात आली आणि ती कशी तोडावीत याच्या योजना तयार होऊ लागल्या. ठाण्याची जंगले पानगळीची. त्यांत साग मुख्य आणि त्याच्या जोडीला ऐन, खैर, धावडा, बोंडारा, हेद, कळंब, बिबळा अशी झाडे. यांपैकी सागासारख्या अनेक झाडांचा एक गुण असा की, झाड जमिनीलगत तोडले तरी ते मरत नाही. खुंटाच्या सालीखाली सुप्त कळ्या असतात. वरचा शेंडा असेपर्यंत त्यांना दाबून ठेवणारी संप्रेरके खाली येत असतात. खोड तोडले की हा दाब जातो आणि पावसाळ्यात खुंटाभोवती फुटवे येतात. मुळे जुनी व खोल असल्यामुळे या फुटव्यांना पाणी व साठवलेले अन्न भरपूर मिळते. बियांपासून उगवलेल्या रोपाला जी उंची गाठायला काही वर्षे लागतात ती फुटवा एकदोन पावसाळ्यांत गाठतो. सागाच्या कोवळ्या फुटव्याची पाने सुपाएवढी मोठी दिसतात त्याचे कारणही हेच.

या गुणावर तोडीची पद्धत बसवलेली होती. समजा, एका जंगलाचे क्षेत्र ४०० हेक्टर आहे आणि फुटव्याला जळाऊ लाकूड व लहान इमारती लाकूड देण्याजोगा व्हायला ४० वर्षे लागतात. मग त्या जंगलाचे १० हेक्टरांचे ४० तुकडे पाडायचे व दरवर्षी एकच तुकडा तोडायचा. या तुकड्याला ‘कूप’ म्हणतात. चाळिसावा कूप तोडून होईपर्यंत पहिला पुन्हा तयार झालेला असतो. कूपातली काही चांगली झाडे खूण करून राखायची, म्हणजे बी पडत राहते. कागदावर ही योजना मुद्दल न खाता व्याजावर जगण्याची आहे आणि तिच्यात शास्त्रीयदृष्ट्या काही चूक नाही.

चूक शिरायची ती अंमलबजावणीत. खात्याने आखलेल्या कूपाचा लिलाव होई आणि तो ठेकेदार घेई. ठेकेदाराचा संबंध एका मोसमापुरता. पुढच्या चाळीस वर्षांशी त्याला कर्तव्य नसे. खुंटातून चांगले फुटवे यावेत म्हणून झाड अगदी जमिनीलगत, साल न फाटू देता आणि पाणी साचणार नाही असा किंचित उतार देऊन तोडावे लागते. ढोपराच्या उंचीवर तोडले तर फुटवे उंचावर येतात व वाऱ्याने मोडतात. जमिनीलगत तोडायला वाकावे लागते, वेळ जास्त लागतो आणि कुऱ्हाड दगडावर आपटून धार जाते. म्हणजे पुढच्या पिढीचे जंगल कसे उगवणार हे शेवटी कुऱ्हाड धरणाऱ्याच्या कमरेवर आणि मनावर अवलंबून! ज्या माणसाला अर्धपोटी, कधी कधी फुकट राबवले जाते त्याने चाळीस वर्षांनंतरच्या जंगलासाठी आणखी एक वीत का वाकावे? वनशास्त्राच्या पुस्तकांत खुंटाच्या उंचीचे नियम असतात, हा प्रश्न क्वचितच असतो.

हा माणूस कोणत्या अवस्थेत होता याची सरकारी नोंद उपलब्ध आहे. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीची पाहणी केली. तिचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. जमीनदारांची वेठ, जंगल ठेकेदारांकडून होणारी नागवणूक आणि वनखात्याच्या खालच्या नोकरांनी घेतलेली फुकट कामे यांचे वर्णन त्यात आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघे सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ असे नावच पडले होते. जमीनदार, सावकार, गवताचा व्यापारी आणि लाकडाचा ठेकेदार ही पुष्कळदा एकच व्यक्ती असे किंवा एकमेकांची सोयरी माणसे असत.

दोन पिके, एकच पंधरवडा

ऑक्टोबरच्या सुमारास कोकणातून नैर्ऋत्य मोसमी पाऊस परततो. आकाश मोकळे होते, ऊन तापते आणि डोंगरउतारावर दोन गोष्टी एकाच वेळी पिकतात. एक म्हणजे भात आणि दुसरे गवत.

गवताला मुंबईत मोठे गिऱ्हाईक होते. जोगेश्वरी, अंधेरी, गोरेगाव येथील म्हशींच्या तबेल्यांना व व्हिक्टोरियाच्या घोड्यांना वर्षभर सुके गवत लागे. (आरे दुग्ध वसाहत १९४९ साली स्थापन झाली ती शहरातील तबेले बाहेर नेण्यासाठीच.) स्टेशनांजवळ गवताच्याही वखारी असत. तेथे गवत दाबून त्याच्या गासड्या बांधत आणि मालगाडीने पाठवत.

गवत कापण्याचा काळ निसर्गाने बांधून दिलेला आहे. फुलोरा येईपर्यंत पानांत प्रथिने चांगली असतात. दाणे धरू लागले की गवत आपले नत्र दाण्यांत व मुळांत हलवू लागते आणि पाती कोरडी, तंतुमय होत जातात. कुसळी गवताची तर आणखी एक तऱ्हा आहे. दाणा पिकला की त्याला टोकदार, पिळदार कुसळ येते आणि ते जनावराच्या तोंडाला, माणसाच्या कपड्यांना टोचते. लवकर कापावे तर पाऊस पुन्हा येऊन गवत कुजण्याची भीती. उशिरा कापावे तर ते काडीच्या मोलाचे आणि वणव्याला निमंत्रण. व्यापाऱ्याच्या हाती जेमतेम काही आठवडे असतात.

पण भातही तेव्हाच पिकते. पिकलेले भात उभे ठेवले तर दाणे झडतात, उंदीर-पाखरे खातात. वारल्याचे स्वतःचे, बहुधा खंडाने कसलेले, भात कापायला आलेले असते आणि नेमके त्याच दिवसांत मालकाच्या गवतावर त्याला बोलावणे येते. वेठीचा अर्थ या वेळापत्रकात पाहिल्याशिवाय पूर्ण कळत नाही. ती नुसती कामाची चोरी नव्हती. वर्षातल्या सर्वांत मोलाच्या पंधरवड्याची ती चोरी होती.

उलट बाजूनेही हेच खरे होते, आणि ते मजुरांच्या लक्षात आले तेव्हा परिस्थिती पालटली. कापड गिरणीचा संप झाला तर कापूस गोदामात पडून राहतो, सडत नाही. गवत मात्र डोंगरावर थांबत नाही. पंधरा दिवस विळे उचलले नाहीत तर व्यापाऱ्याचे वर्ष बुडते.

गवताचा संप

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे त्याचे संघटक. उंबरगाव तालुक्यातले काही वारली तेथे गेले होते आणि त्यांत माह्या धांगडा हे होते. बाहेर गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपली गाऱ्हाणी उभे राहून सांगितलेली त्यांनी ऐकली आणि परत येऊन आपल्याकडे सभा भरवण्याचा आग्रह धरला. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करायची नाही, रोख मजुरी मिळाल्याखेरीज मालकाच्या खाजगी जमिनीवर राबायचे नाही, असे तेथे ठरले. ठरलेले निरोप पायी पायी पाड्यापाड्यांवर गेले. त्या पावसाळ्यात वेठ जवळजवळ मोडली आणि लग्नगड्यांची सुटका होऊ लागली.

ऑक्टोबर आला आणि गवताच्या दराचा प्रश्न निघाला. मागणी अशी होती: पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. दर मान्य होईपर्यंत कापणी बंद.

या मागणीचा नमुना लक्षात घेण्यासारखा आहे. ती दिवसावर नाही, वजनावर आहे. आता येथे थोडे गणित करू. पाचशे पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. कापणीच्या वेळी गवतात निम्मे पाणी आहे असे धरू आणि वाळल्यावर त्यात १५ टक्के पाणी उरते असे धरू. २२७ किलो वाळलेल्या गवतात कोरडा अंश १९३ किलो. तेवढा कोरडा अंश मिळवायला ३८६ किलो, म्हणजे साडेआठशे पौंड ओले गवत कापावे लागेल. तेव्हा ‘पाचशे पौंड’ हा आकडा कापल्या दिवशी तोलायचा की चार दिवस वाळवून, यावर मजुराचे श्रम दीडपटीहून अधिक बदलतात. तराजू कोणाचा आणि तोलण्याचा दिवस कोणता, हे दोन्ही मालकाने ठरवायचे असतील तर दर कितीही लिहिला तरी तो फसवाच. दराबरोबर मापही उघडपणे बोलले जाऊ लागणे, हे मला या संपातले मोठे पाऊल वाटते. वर्गात हा प्रयोग सहज करता येतो. शाळेच्या कुंपणाजवळचे गवत कापून लगेच तोलावे, पुढचे चार दिवस उन्हात पसरून रोज तोलावे व आलेख काढावा. पहिल्या दोन दिवसांत रेघ कशी झपकन खाली येते आणि मग कशी सपाट होते ते मुलांना पाहू द्यावे. पावसाळी हवेत ती पुन्हा थोडी वर चढते, कारण वाळलेले गवत हवेतली वाफ शोषून घेते.

गवताच्या संपाने रक्तही पाहिले. १० ऑक्टोबर १९४५च्या रात्री तलवाडा येथे हजारो वारली जमले. गोदावरीबाई, ज्यांना ते ‘गोदाराणी’ म्हणत, सभेला येणार आहेत असा निरोप पसरला होता. प्रत्यक्षात बाई तेथे नव्हत्या. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. लाल बावट्याभोवतीची माणसे पांगतील असा अंदाज होता, तो खोटा ठरला. संप चालू राहिला आणि गवत तर थांबणार नव्हते. बहुतेक ठिकाणी अडीच रुपयांचा दर द्यावा लागला.

थप्पीतली हवा

यानंतर पाळी आली खुद्द जंगलाची. कूपातले काम पावसाळा संपल्यावर सुरू होते आणि पुढच्या पावसापूर्वी संपवावे लागते. बैलगाडीची वाट चिखलात बंद होते आणि तोडलेले लाकूड जागच्या जागी बुरशी व भुंगेऱ्यांच्या तोंडी जाते. शिवाय खुंट पावसापूर्वी तयार असले तरच फुटवे वेळेवर येतात. तेव्हा येथेही घड्याळ मजुराच्या बाजूने होते.

महायुद्धाच्या काळात लाकडाची व कोळशाची मागणी वाढलेली होती. पेट्रोलवर नियंत्रण असल्याने अनेक मोटारी व लॉऱ्या ‘कोळसा गॅस’वर चालत. मागे बसवलेल्या उभ्या पिंपात कोळसा अपुऱ्या हवेत जळे आणि त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड इंजिनात जाई. चाळीतल्या शेगडीलाही कोळसाच हवा, कारण त्याचा धूर होत नाही.

कोळसा हा मोठा महाग सौदा आहे. हवेत वाळलेल्या लाकडाचा उष्मांक किलोला सुमारे ३,५०० किलोकॅलरी, तर कोळशाचा सुमारे ७,००० किलोकॅलरी. ऐकायला कोळसा दुप्पट चांगला वाटतो. पण मातीच्या भट्टीत १०० किलो लाकडापासून साधारण २० किलो कोळसा मिळतो. म्हणजे ३,५०,००० किलोकॅलरी आत घातल्या आणि १,४०,००० हाती आल्या. उरलेल्या साठ टक्क्यांचा धूर झाला. एवढी नासाडी का परवडे? कारण मुंबईपर्यंत वजन वाहून नेण्याचा खर्च वाचे आणि जंगलात भट्टीवर रात्र-रात्र जागणाऱ्याची मजुरी नगण्य होती. ही मजुरी नगण्य नसती तर शहराच्या शेगडीत काय जळले असते, हा अर्थशास्त्राइतकाच वनशास्त्राचा प्रश्न आहे. श्रम फुकट मिळतात तेव्हा झाडही स्वस्त होते, आणि स्वस्त वस्तू कोणी जपून वापरत नाही.

आता मापाकडे वळू. लाकूड गवतासारखे तोलून मजुरी ठरवणे कठीण. जळाऊ लाकडाची थप्पी रचतात आणि तिची लांबी-रुंदी-उंची मोजतात. पण थप्पीत लाकूड असते तशी हवाही असते. विद्यार्थ्यांना हे खडूंच्या पेटीने दाखवावे. एकसारखे गोल खडू ओळीवर ओळ रचले तर पेटीचा ७८.५ टक्के भागच भरतो (π भागिले ४), बाकी पोकळी. वाकड्या फांद्यांच्या थप्पीत ही पोकळी आणखी वाढते आणि तिसरा हिस्सा हवा असली तरी नवल नाही. सैल रचलेली थप्पी मजुराच्या बाजूने मोठी दिसते. घट्ट रचून घेणारा मुकादम तीच लहान करून दाखवतो. त्यात जातीजातींचा फरक आहे. एक घनमीटर वाळलेला साग साधारण ६५० किलो भरतो, ऐन ८५०च्या पुढे जातो, खैर तर पाण्याइतका जड. आणि सावर? तिचे ४०० किलोही होत नाहीत. खैर तोडणाऱ्या आणि सावर तोडणाऱ्या मजुराला एकाच घनमापाचा एकच दर लावला तर तो न्याय होणार नाही. शिवाय कूप नाल्यात आहे की माळावर, गाडीवाट किती दूर, यावरही श्रम बदलतात.

जंगलकामाच्या संपात मागणी मापावर न ठेवता दिवसावर ठेवण्यात आली, त्याचे कारण यातच असावे असा माझा तर्क आहे. मागणी होती रोज किमान सव्वा रुपया, म्हणजे वीस आणे. काम कोणतेही असो, कूप कोणताही असो, त्याखाली मजुरी जाणार नाही. गवतासाठी वजन आणि लाकडासाठी दिवस, ही निवड कामाचे स्वरूप आतून ओळखणाऱ्या माणसांचीच असू शकते.

सव्वा रुपया

१९४६च्या एप्रिलमध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले होते. खेरांनी आदिवासी सेवा मंडळाचे काम केलेले होते. त्यामुळे वारल्यांच्या बाजूने सरकार उभे राहील अशी आशा अनेकांना होती. ऑक्टोबरमध्ये कूपांवरचे काम बंद पडले. इमारती लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या संघाने आधी दाद दिली नाही. संप महिनाभराहून अधिक टिकला. कुऱ्हाडी पाड्यांवर राहिल्या, बैलगाड्या जुंपल्या गेल्या नाहीत. नोव्हेंबर १९४६ मध्ये व्यापाऱ्यांच्या संघाने सव्वा रुपया मान्य केला.

मात्र त्याच महिन्यात सरकारने परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. पाड्यांवर पोलीस आले, धरपकड झाली. जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन माणसे मेली. गोदावरी परुळेकरांनी या सगळ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. त्याला १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तक अर्थातच एका बाजूने लिहिलेले आहे. सिमिंग्टनचा रूक्ष सरकारी अहवाल त्याच्या शेजारी ठेवून वाचला तर दोहोंतली वस्तुस्थिती किती जुळते ते दिसते.

येथे एक खुलासा करायला हवा. हल्ली जंगलातील प्रत्येक जुन्या चळवळीला ‘पर्यावरण चळवळ’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. वारल्यांनी झाडे वाचवण्यासाठी संप केला नव्हता. सव्वा रुपया मिळताच त्यांनी कुऱ्हाडी उचलल्या आणि कूप तोडले. त्यांचा राग झाड तोडण्यावर नव्हता. ते कोणाच्या फायद्यासाठी आणि कोणाच्या पाठीवर तोडले जाते, यावर होता. पण म्हणून या घटनेचा पर्यावरणाशी संबंध नाही असेही नाही. हिमालयातले उदाहरण घ्या. चिपको आंदोलन म्हटले की झाडाला मिठी मारलेल्या स्त्रियांचे चित्र डोळ्यांपुढे येते. त्याची सुरुवात मात्र चंडीप्रसाद भट्ट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या दशोली ग्राम स्वराज्य संघातून झाली. स्थानिक लोकांना जंगलावर आधारित काम मिळावे आणि बाहेरच्या ठेकेदारांचे राज्य संपावे, हा त्या संघाचा उद्देश होता. १९७३ साली संघाला शेतीच्या अवजारांसाठी अंगूची झाडे नाकारण्यात आली आणि तीच खेळाचे सामान बनवणाऱ्या अलाहाबादच्या कंपनीला देण्यात आली, तेव्हा मंडल गावी पहिला प्रतिकार झाला. ब्राझीलमधील चिको मेंडिस हेही रबराचा चीक गोळा करणारे कामगार आणि कामगार संघटनेचे पुढारी. १९८८ साली त्यांचा खून झाला तोवर जग त्यांना अॅमेझॉनच्या जंगलाचे रक्षक म्हणून ओळखू लागले होते. जंगलात राबणाऱ्याचा प्रश्न आधी मजुरीचा असतो. झाडाचा प्रश्न त्याच्या मागोमाग येतो, कारण जंगल संपले तर पुढच्या वर्षी मजुरी कसली?

ठेकेदार गेल्यावर

संपाचा एक लांबचा परिणाम मुंबई राज्याच्या धोरणात दिसला. १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या स्थापन होऊ लागल्या. कूप लिलावात न काढता या सोसायट्यांना द्यायचा, तोड सभासदांनीच करायची आणि नफ्यात त्यांचा वाटा. कल्पना सिमिंग्टनच्या काळापासून चर्चेत होती, ती अमलात यायला संप व्हावा लागला. ठेकेदार एकदम गेले नाहीत. काही ठिकाणी सोसायटीच्या मागे जुनेच शेठ उभे असत. तरीही मजुरीच्या नोंदी होऊ लागल्या, हिशेबाची वही मजुराच्या संस्थेकडे आली, आणि तोड होते ते क्षेत्र पुढे राखण्यात कोणाला तरी रस उरला.

तोड पुढे आपोआपच आक्रसत गेली. १९८० साली वन संवर्धन कायदा आला. १९८८च्या वननीतीने महसुलापेक्षा पर्यावरणाचा समतोल महत्त्वाचा मानला. १२ डिसेंबर १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मंजूर कार्ययोजनेबाहेर झाड तोडता येईनासे झाले. अनेक सोसायट्यांचे काम त्यामुळे घटले. फुटव्यांचे चक्रही सर्वत्र चालले नाही. एकाच खुंटाने पुन्हा पुन्हा फुटत राहणे कायम शक्य नसते, त्याचा जोर ओसरतो. कोवळे फुटवे गुरांच्या चराईला आणि वणव्याला बळी पडतात.

बोरिवलीचे जंगल या कुऱ्हाडीतून बऱ्याच अंशी वाचले, कारण मुंबईला तेथून लाकडाहून मोलाची वस्तू हवी होती, ती म्हणजे पाणी. विहार तलाव १८६० साली आणि तुळशी १८७९ साली तयार झाले. त्यांच्या पाणलोटात तोड करणे शहरालाच परवडणारे नव्हते. सहलीला राष्ट्रीय उद्यानात किंवा येऊरला गेलात तर मुलांना एकाच बुंध्यातून दोन-तीन खोडे वर गेलेली झाडे शोधायला सांगा. प्रत्येक वेळी नाही, पण पुष्कळदा तो केव्हातरी तोडलेल्या झाडाचा पुरावा असतो. खोडे साधारण एकाच जाडीची असली आणि मध्ये कुजलेल्या खुंटाची खोबण सापडली तर शंका उरत नाही.

डहाणू-तलासरीच्या लोकांचा प्रश्न यानंतर मजुरीकडून जमिनीकडे वळला. १९६० साली राज्यांची विभागणी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, तलासरीकडचा महाराष्ट्रात राहिला, आणि २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्पिढ्या कसलेल्या वनजमिनीवर हक्क मागता येतो. दावे भरले गेले. काही नाकारले गेले, तर काहींना कसत असलेल्या क्षेत्रापेक्षा कमी क्षेत्राचा पट्टा मिळाला. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा, जो त्याच किसान सभेने काढला होता, ११ मार्चला ठाण्याहून मुंबईत शिरला. मुलुंड, विक्रोळी, घाटकोपर या बाजूने पूर्व द्रुतगती मार्गाने तो शीवजवळच्या सोमय्या मैदानावर आला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना परीक्षेला पोचायला अडचण होऊ नये म्हणून दिवसभर चाललेली ती माणसे थोडा विसावा घेऊन मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि पहाटेपर्यंत आझाद मैदानावर चालत गेली. उपनगरांतल्या अनेक शाळांच्या विद्यार्थ्यांनी त्या सकाळी वेळेवर पेपर दिला. मोर्चाच्या मागण्यांपैकी एक होती, वनजमिनीच्या दाव्यांची फेरतपासणी करून प्रत्यक्ष कसलेली जमीन पुन्हा मोजावी.